अर्ध्या पगाराचे बंड : इजिप्तचे कर्ज, काटकसर आणि १८८२

१/
१८ फेब्रुवारी १८७९. कैरोच्या रस्त्यावर इजिप्तचे पंतप्रधान नूबार पाशा यांची बग्गी एका जमावाने अडवली. अर्थमंत्री रिव्हर्स विल्सन हेही त्याच जमावाच्या हाती सापडले. दोघांना धक्काबुक्की झाली आणि अर्थखात्याच्या इमारतीत कोंडून ठेवण्यात आले. हा जमाव गुंडांचा नव्हता. ते इजिप्तच्या सैन्याचे गणवेशातील अधिकारी होते. त्यांची मागणी साधी होती : थकलेला पगार मिळावा.

२/
सरकारी तिजोरी रिकामी झाल्याने मंत्रिमंडळाने सुमारे अडीच हजार अधिकाऱ्यांना अर्ध्या पगारावर टाकले होते. त्यांपैकी बहुतेकांचा आधीचा पगारही अनेक महिने मिळालेला नव्हता. त्याच काळात युरोपातील रोखेधारकांचे व्याज मात्र वेळेवर जात होते. देशाच्या तिजोरीवर पहिला हक्क कोणाचा, हा पुढील साडेतीन वर्षे इजिप्तला जाळत राहिलेला प्रश्न त्या दिवशी प्रथमच रस्त्यावर आला.

३/
या कर्जाची मुळे शोधण्यासाठी कापसाकडे वळावे लागते. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि लँकेशायरच्या गिरण्यांना होणारा अमेरिकन कापसाचा पुरवठा तुटला. जगभर कापसाचे भाव कडाडले. मुंबईत याच पैशावर शेअरबाजाराचे वेड पसरले आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच तो फुगा फुटला. नाईलच्या खोऱ्यातही तीच तेजी आली होती आणि तीच मंदी आली.

४/
तेजी ऐन भरात असताना, १८६३ मध्ये, इस्माईल इजिप्तच्या गादीवर आला. नावापुरता तो ऑटोमन सुलतानाचा मांडलिक होता. व्यवहारात जवळजवळ स्वतंत्र. आपला देश युरोपच्या पंक्तीला बसवण्याची त्याची महत्त्वाकांक्षा होती. त्याने रेल्वे, तारायंत्रे, कालवे, बंदरे, शाळा उभ्या केल्या आणि कैरोचा नवा भाग पॅरिसच्या धर्तीवर वसवला. ‘खेदिव’ ही पदवी आणि गादीचा वारसा आपल्याच वंशात राखण्यासाठी सुलतानाला द्यावयाची खंडणीही वाढवली.

५/
कापूस उतरला, पण खर्च उतरला नाही. उणीव कर्जाने भरून निघू लागली. कर्जाची रीतच अशी होती की कागदावरील रक्कम आणि हाती येणारी रक्कम यांत मोठे अंतर असे. १८७३ चे कर्ज कागदावर ३.२ कोटी पौंडांचे होते. कसर, दलाली आणि इतर वजावटी जाऊन इजिप्तला मिळाले सुमारे दोन कोटी. व्याज मात्र पूर्ण ३.२ कोटींवर द्यायचे होते.

६/
इस्माईलची उधळपट्टी हे या कहाणीतील आवडते स्पष्टीकरण आहे आणि ते खोटे नाही. १७ नोव्हेंबर १८६९ रोजी झालेला सुएझ कालव्याच्या उद्घाटनाचा सोहळा, राजवाडे, इथिओपियावरील फसलेल्या मोहिमा, या सर्वांवर पैसा गेला. परंतु ते स्पष्टीकरण अपुरे आहे. खुद्द कालव्याचा मोठा खर्च इजिप्तने सोसला, हजारो शेतकऱ्यांनी वेठीने तो खणला. त्याचा लाभ मात्र प्रामुख्याने युरोपच्या जहाजांना झाला.

७/
१८७१ मध्ये ‘मुकाबला’ नावाचा कायदा झाला. जमीनधारकाने सहा वर्षांचा सारा आगाऊ भरावा; त्या बदल्यात त्याचा सारा कायमचा निम्मा होईल. आजची गरज भागवण्यासाठी राज्याने आपले उद्याचे उत्पन्न विकून टाकले होते. याच कायद्याने पुढे एक अनपेक्षित राजकीय परिणाम घडवला; त्याकडे नंतर वळू.

८/
नोव्हेंबर १८७५ मध्ये इस्माईलने आपल्याकडील अखेरची मोठी मत्ता विकायला काढली : सुएझ कालवा कंपनीचे १,७६,६०२ समभाग. ब्रिटिश पंतप्रधान डिझरायली यांनी रॉथशिल्ड पेढीकडून पैसे उभे करून ते सुमारे ४० लाख पौंडांना घेतले. ती रक्कमही पुरली नाही. एप्रिल १८७६ मध्ये इजिप्तने अल्पमुदतीच्या हुंड्यांचे पैसे चुकते करणे थांबवले. दिवाळे जगजाहीर झाले.

९/
२ मे १८७६ रोजी कैरोत एक नवी संस्था जन्मली : ‘केस द ला देत प्युब्लिक’, अर्थात सार्वजनिक कर्जनिधी. तिचे आयुक्त धनको देशांचे प्रतिनिधी होते. एकूण ९ कोटी १० लाख पौंडांचे कर्ज एकत्र बांधण्यात आले. त्याच वर्षाच्या अखेरीस ‘दुहेरी नियंत्रण’ सुरू झाले. त्यानुसार उत्पन्नावर एक इंग्रज नियंत्रक आणि खर्चावर एक फ्रेंच नियंत्रक नेमला गेला.

१०/
ही व्यवस्था तपशिलाने समजून घेण्याजोगी आहे. घारबिया, मनुफिया, बेहेरा आणि असियुत या चार प्रांतांचा महसूल थेट कर्जनिधीकडे जमा होई. रेल्वेचे आणि अलेक्झांड्रिया बंदराचे उत्पन्नही कर्जासाठी बांधलेले होते. म्हणजे कराचा पैसा आधी सरकारकडे येऊन मग धनकोंकडे जात नव्हता. तो वाटेतच धनकोंकडे वळत होता. उरलेल्या पैशांत सैन्य, शाळा, कालवे आणि नोकरांचे पगार भागवायचे होते.

११/
१८७७ मध्ये नाईलचा पूर फारच कमी आला. ज्या हवामानबदलाने त्याच सुमारास दख्खनमध्ये मान्सून फसवला आणि १८७६–७८ चा महादुष्काळ आणला, त्याच्याच तडाख्यात इथिओपियाच्या डोंगरांवरील पाऊसही सापडला होता. १८७८ मध्ये वरच्या इजिप्तमध्ये दुष्काळ पडला आणि माणसे भुकेने मेली. अशातच १ मे रोजी सुमारे २० लाख पौंडांचा व्याजाचा हप्ता देय होता.

१२/
हप्ता फेडला गेला. पीक शेतात उभे असतानाच वसुली झाली. वसुली अधिकाऱ्यांबरोबर सावकारही गावोगाव फिरत आणि शेतकऱ्याचे उभे पीक पडेल भावात विकत घेऊन त्याला साऱ्यासाठी रोकड पुरवत. ‘कुर्बाश’ हा कातडी चाबूक वसुलीचे नेहमीचे साधन होते. कर्जनिधीचे पहिले इंग्रज आयुक्त एव्हलिन बेअरिंग यांनीही पुढे आपल्या ग्रंथात या वसुलीची निर्दयता मान्य केली.

१३/
हे बेअरिंग हिंदुस्थानातून आलेले होते. १८७२ ते १८७६ या काळात ते व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांचे खाजगी चिटणीस होते. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली ते दख्खनचे दंगे याच काळातले. त्यांची ठिणगी १२ मे १८७५ रोजी सुपे येथे पडली. कापसाची तेजी, मग मंदी, वाढता सारा आणि सावकार ही साखळी साम्राज्याच्या अधिकाऱ्यांना अपरिचित नव्हती.

१४/
ऑगस्ट १८७८ मध्ये चौकशी आयोगाच्या दबावाखाली इस्माईलने आपले अधिकार मंत्रिमंडळाकडे सोपवले. नूबार पाशा पंतप्रधान झाले. अर्थखाते इंग्रज विल्सन यांच्याकडे, तर बांधकाम खाते फ्रेंच द ब्लिन्येर यांच्याकडे गेले. लोक त्याला ‘युरोपीय मंत्रिमंडळ’ म्हणू लागले. त्याने काटकसर सुरू केली आणि पहिला घाव सैन्यावर घातला. १८ फेब्रुवारीचा प्रसंग त्यातूनच उद्भवला.

१५/
त्या दिवशी खेदिव इस्माईल स्वतः रक्षकदल घेऊन आला. गोळ्या झाडल्या गेल्या, काही जण जखमी झाले आणि मंत्र्यांची सुटका झाली. दुसऱ्याच दिवशी नूबार पदावरून गेले. थकबाकी देण्यासाठी पैसा उभा करण्यात आला. निदर्शनामागे खुद्द इस्माईलची फूस होती, असा संशय तेव्हाही होता आणि आजही आहे. फूस असो वा नसो, अधिकाऱ्यांच्या घरातील चूल विझलेली होती हे मात्र खरे. आणि संघटित झाल्यास सरकार पडते, हा धडा सैन्याला मिळाला.

१६/
येथे ‘मुकाबला’ पुन्हा पुढे येतो. ज्या जमीनधारकांनी आगाऊ सारा भरला होता, त्यांची सवलत रद्द करण्याची भाषा युरोपीय तज्ज्ञ करू लागले. प्रतिनिधी सभा १८६६ पासून अस्तित्वात होती, पण ती मुकी होती. मार्च १८७९ मध्ये तिला विसर्जित होण्यास सांगितले असता तिने नकार दिला. उपाशी अधिकारी आणि धास्तावलेले जमीनदार, असे दोन वेगळे वर्ग एकाच दिशेने पाहू लागले.

१७/
एप्रिलमध्ये उमराव, सभासद, उलेमा आणि अधिकारी यांनी मिळून एक ‘राष्ट्रीय योजना’ मांडली. तिच्यात कर्ज बुडवण्याची भाषा कोठेही नव्हती. उलट, कर्ज पूर्ण फेडू, पण कारभार आमच्या हाती द्या आणि मंत्रिमंडळ सभेला जबाबदार करा, असा तिचा आशय होता. इस्माईलने ती उचलून धरली आणि युरोपीय मंत्र्यांना काढून टाकले. धनको राष्ट्रांना हे मानवणारे नव्हते.

१८/
२६ जून १८७९ रोजी इस्तंबूलहून तार आली. ती ‘माजी खेदिव इस्माईल’ यांच्या नावे होती. पदच्युतीची बातमी पत्त्यातच लिहिलेली होती. त्याचा मुलगा तौफिक गादीवर बसला आणि दुहेरी नियंत्रण परत आले. विचारवंत जमालुद्दीन अल-अफगाणी यांना ऑगस्टमध्ये हद्दपार करण्यात आले; ते हिंदुस्थानात आले आणि काही काळ हैदराबादेत राहिले. कैरोतील त्यांचे शिष्य मात्र वृत्तपत्रांतून लिहीतच होते.

१९/
जुलै १८८० मध्ये कर्जफेडीचा कायदा झाला. मुख्य कर्जावरील व्याजदर ४ टक्क्यांवर आला, ही सवलत खरी होती. पण त्याची किंमतही होती : जवळजवळ निम्मा महसूल कायद्यानेच कर्जासाठी राखून ठेवला गेला, ‘मुकाबला’ रद्द झाला आणि सैन्य १२ हजारांपर्यंत घटवायचे ठरले. दुसरीकडे १८८२ पर्यंत इजिप्तच्या नोकरीत तेराशेहून अधिक युरोपीय होते. इजिप्तमध्ये राहणारे परकीय तर जुन्या करारांच्या आडोशाने बहुतेक करांतून सुटलेले होते.

२०/
सैन्यकपातीचा भार सर्वांवर सारखा पडला नाही. वरच्या पदांवर तुर्क आणि चेर्केस वंशाचे उमराव होते. कुऱ्हाड पडे ती अरबी बोलणाऱ्या, शेतकरी घरांतून आलेल्या अधिकाऱ्यांवर. युद्धमंत्री उस्मान रिफ्की स्वतः चेर्केस होते. त्यांच्याविरुद्ध तक्रार नेणाऱ्या तीन कर्नलांपैकी एक होता अहमद उराबी : शर्किया प्रांतातील एका गावच्या मुखियाचा मुलगा, काही काळ अल-अझहरचा विद्यार्थी.

२१/
१ फेब्रुवारी १८८१ रोजी या तिघांना कस्र-अल-नील बराकीत बोलावून अटक करण्यात आली. त्यांच्या पलटणी चाल करून आल्या आणि आपल्या कर्नलांना सोडवून घेऊन गेल्या. युद्धमंत्री बदलला गेला. जागी आले महमूद सामी अल-बारूदी, जे अरबी भाषेचे थोर कवीही होते. पण तडजोड कच्ची होती आणि दोन्ही बाजूंना एकमेकांची धास्ती वाटत होती.

२२/
९ सप्टेंबर १८८१. आब्दीन राजवाड्यापुढील चौकात उराबी तोफांसह सैन्य घेऊन उभा राहिला. मागण्या तीन होत्या : रियाद पाशांचे मंत्रिमंडळ जावे, प्रतिनिधी सभा बोलावली जावी, सैन्य १८ हजारांवर न्यावे. पहिल्या दोन मागण्या बराकीच्या नव्हत्या. पगाराचे गाऱ्हाणे अडीच वर्षांत राज्यघटनेच्या मागणीपर्यंत पोहोचले होते. खेदिवने मंत्रिमंडळ बदलले आणि सभा बोलावण्याचे मान्य केले.

२३/
त्या चौकात खेदिवच्या शेजारी उभे राहून त्याला धीर देणारे गृहस्थ होते ऑकलंड कॉल्विन, इंग्रज अर्थनियंत्रक. तेही हिंदुस्थानच्या सनदी सेवेतून आलेले होते. पुढे ते वायव्य प्रांत व अवधचे लेफ्टनंट गव्हर्नर झाले आणि १८८८ मध्ये राष्ट्रीय सभेच्या चळवळीवरून ॲलन ह्यूम यांच्याशी त्यांचा जाहीर पत्रव्यवहार झाला. लोकांनी निवडलेल्या सभेने खर्चात लक्ष घालावे, ही कल्पना त्यांना दोन्ही देशांत रुचली नाही.

२४/
डिसेंबर १८८१ मध्ये सभा भरली आणि वाद अंदाजपत्रकावर येऊन ठेपला. कर्जासाठी बांधलेल्या निम्म्या महसुलाला हात लावणार नाही, पण उरलेल्या निम्म्यावर आम्ही मत देऊ, एवढेच सभेचे म्हणणे होते. नियंत्रकांनी तेही नाकारले. एकदा पाऊल आत पडले की पुढे काय होईल, ही त्यांची भीती. ८ जानेवारी १८८२ रोजी ब्रिटन व फ्रान्स यांनी संयुक्त खलिता पाठवून खेदिवची बाजू घेतली. मध्यममार्गी मागे पडले. बारूदी पंतप्रधान आणि उराबी युद्धमंत्री झाला.

२५/
मे महिन्यात दोन्ही देशांचे आरमार अलेक्झांड्रियासमोर उभे राहिले. तणाव वाढत गेला आणि ११ जूनला शहरात दंगल उसळली. सुमारे पन्नास युरोपीय मारले गेले. मेलेल्या इजिप्शियनांची संख्या त्याहून अधिक होती. ११ जुलै रोजी ॲडमिरल सीमूर यांच्या जहाजांनी किल्ल्यांवर तोफा डागल्या. फ्रेंच आरमार आधीच निघून गेले होते. शहराचा मोठा भाग आगीत भस्मसात झाला.

२६/
पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी साम्राज्यविस्ताराला विरोध करून निवडणूक जिंकली होती. त्यांच्या स्वतःच्या गुंतवणुकीचा एक तृतीयांशाहून अधिक भाग इजिप्तच्या कर्जाशी निगडित रोख्यांत होता. एवढ्यावरून त्यांनी स्वार्थापोटी युद्ध केले असे म्हणता येत नाही. पण लंडनमध्ये ‘सुव्यवस्था’ आणि ‘व्याजाची सुरक्षितता’ हे शब्द किती जवळ आले होते, ते यातून दिसते. मंत्रिमंडळातील जॉन ब्राइट यांनी तोफमाऱ्याच्या निषेधार्थ राजीनामा दिला.

२७/
जनरल वुल्स्ली यांच्या फौजेत हिंदुस्थानी तुकडीही होती. ती मुंबईहून जहाजांनी गेली. १३ सप्टेंबर १८८२ रोजी पहाटे तेल-अल-कबीर येथे हल्ला झाला आणि तासाभराच्या आत इजिप्तचे सैन्य मोडले. या मोहिमेच्या हिंदुस्थानी तुकडीच्या खर्चाचा काही भाग हिंदुस्थानच्या तिजोरीवर टाकण्यात आला. दुष्काळातून नुकत्याच सावरणाऱ्या रयतेच्या करातून दुसऱ्या एका कर्जबाजारी देशावरील स्वारीचा खर्च निघाला आणि त्याविरुद्ध येथेही आवाज उठला.

२८/
उराबीला ३ डिसेंबरला मृत्युदंड सुनावण्यात आला आणि लगेच त्याचे रूपांतर हद्दपारीत झाले. जानेवारी १८८३ मध्ये तो आणि त्याचे सहकारी कोलंबोला पोहोचले. श्रीलंकेत त्याने अठराहून अधिक वर्षे काढली. १९०१ मध्ये मायदेशी परतला आणि १९११ मध्ये वारला. बेअरिंग १८८३ मध्ये ब्रिटनचे प्रतिनिधी म्हणून कैरोत आले. पुढे लॉर्ड क्रोमर या नावाने १९०७ पर्यंत इजिप्तचा कारभार प्रत्यक्षात त्यांच्याच हाती होता.

२९/
हे नेमके काय होते? क्रोमर यांच्या दृष्टीने मूलतः लष्करी बंडाळी. रॉबिन्सन आणि गॅलाहर यांनी १९६१ मध्ये ब्रिटिश हस्तक्षेपाचे कारण सुएझच्या मार्गाच्या काळजीत शोधले. हॉपकिन्स यांनी पुढे रोखेधारकांच्या हितसंबंधांकडे लक्ष वेधले. हुआन कोल यांनी कारागीर, गावे आणि शहरी मध्यमवर्ग यांचा सहभाग दाखवून त्याला क्रांतीचे स्वरूप होते असे मांडले. दृष्टिकोन वेगवेगळे असले, तरी कर्जाचा धागा कोणालाच टाळता आलेला नाही.

३०/
काटकसर अटळ होती, हे इजिप्तमध्ये बहुतेकांना मान्य होते. कर्ज फेडण्यासही कोणी नकार दिला नव्हता. भांडण होते ते कोणी पोट बांधायचे आणि हे कोणी ठरवायचे यावर. उभे पीक विकणाऱ्या शेतकऱ्याला, अर्ध्या पगारावरील कप्तानाला आणि सवलत गमावलेल्या जमीनधारकाला त्या निर्णयात स्थान नव्हते. उरलेल्या निम्म्या महसुलावर मत देण्याचा हक्कही नाकारला गेला, तेव्हा तडजोडीची शेवटची वाट बंद झाली.

३१/
ब्रिटिशांनी हा ताबा तात्पुरता असल्याचे वारंवार सांगितले. १८७६ साली स्थापन झालेला कर्जनिधी १९४० मध्ये बंद झाला. ब्रिटिश सैन्याची अखेरची तुकडी जून १९५६ मध्ये इजिप्तमधून गेली. त्यानंतर सुमारे सहा आठवड्यांनी, २६ जुलै १९५६ रोजी, नासर यांनी सुएझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण जाहीर केले. इस्माईलने ४० लाख पौंडांना विकलेले ते समभाग तोवर ब्रिटिश सरकारच्याच मालकीचे होते.